एक चाळीसचा रिबेस

१

प्रभाबाई रानड्यांचं वजन एकशे दहा पौंड होतं. कॅनडात, सरेमधल्या केअर होममधल्या कॉम्प्युटरच्या पडद्याने ते एकशे दहा किलो धरलं. रक्त पातळ करायच्या इंजेक्शनचा डोस वजनावर ठरतो, तो दुपटीहून जास्त निघाला. एजन्सीकडून आलेल्या नव्या नर्सने पडद्यावर विश्वास ठेवला आणि बाईंच्या मेंदूत रक्तस्राव झाला. उभं आयुष्य या देशात परक्यांच्या पोरांचे ताप उतरवलेली डॉक्टर, गेली ती कोडमधल्या एका गाळलेल्या ओळीमुळे.

तो पडदा ज्या कंपनीने बनवला तिचं ऑफिस बर्नाबीत, आणि मंगळवारी सकाळी त्या ऑफिसच्या काचेच्या खोलीत तिथला मॅनेजर उन्मेष खारकर अस्मिताला सांगत होता की फार खोलात जायची गरज नाही.

"गुन्हेगार मिळालाय," तो म्हणाला. "ईशिता. तिने लिहून दिलंय. तू फक्त टेक्निकल भाग नीट मांड. शुक्रवारपर्यंत रिपोर्ट हवा, सोमवारी एचआर तिला लेटर देईल."

अस्मिता या टीममधली नव्हती. ती दुसऱ्या प्रॉडक्टची रिलीज सांभाळायची, म्हणून तिला नेमलं होतं. नागपूरची बाई, तोंडाने फटकळ, आणि कुणी "खोलात जाऊ नको" म्हटलं की हमखास जाणारी.

काम तसं साधं होतं. म्हातारी माणसं वजन पौंडात सांगतात, फॉर्म फक्त किलो घ्यायचा, नर्सेस वैतागायच्या. हा बग ईशिताकडे आला. तिने कोडची स्वतःची वेगळी प्रत, म्हणजे ब्रांच, काढली आणि त्यात दोन बदल केले, म्हणजे दोन कमिट. पहिल्याने पडद्यावर पौंडाचा पर्याय आला. दुसऱ्याने पौंडाचे किलो करून मग डोस काढायचा होता, आणि तो बरोबर निघतो का ते पाहणारी टेस्टही त्या दुसऱ्यातच होती. रिलीजमध्ये पहिला गेला. दुसरा गेलाच नाही. दार बसवलं आणि आत जिनाच नाही, असा प्रकार.

"गळला कुठे?"

"रिबेसमध्ये," उन्मेष म्हणाला. "तिचंच स्टेटमेंट आहे."

उन्मेषचा एक हट्ट होता. कोडचा इतिहास एका सरळ रेषेत दिसला पाहिजे, गुंता नको. म्हणून मेनमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक कोडमध्ये, काही नवीन आलं की ज्याने त्याने आपली ब्रांच रिबेस करायची. म्हणजे गादीवरची पांघरुणं उचलायची, खाली नवी चादर घालायची आणि पांघरुणं होती तशी परत टाकायची. करताना पांघरूण नव्या चादरीत अडकलं तर त्याला कॉन्फ्लिक्ट म्हणतात, आणि एखादं खाली राहिलं तर वरून पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. गादी अगदी नीटनेटकी दिसते!

"सही करायला कुणी सांगितलं तिला?" अस्मिताने विचारलं.

"कुणी कशाला? परीक्षितने समजावलं. ही'ज बीन सो काइंड टू हर. नाहीतर पोरगी कोसळलीच होती."

२

ईशिता परीक्षितच्याच बेसमेंटमध्ये भाड्याने राहायची. परीक्षित टीमचा लीड. तिला नोकरी त्यानेच लावली, राहायला जागा त्यानेच दिली. ती त्याला दादा म्हणायची.

अस्मिता त्याला नावाने हाक मारायची, पण नातं त्याहून जवळचं होतं. ती कॅनडात आली तेव्हा तिचा सख्खा भाऊ नागपुरात राहिला. पहिल्याच दिवाळीत परीक्षित म्हणाला, "ये, मला ओवाळ, मलाही बहीण नाही." तेव्हापासून दर भाऊबीजेला ती याच घरी. इथे सगळे सण शनिवारी येतात, तिथी काहीही म्हणो. या शनिवारीही तिने त्याला ओवाळलं होतं. तो जरा गप्प होता, कामाने थकला असेल असं तिला वाटलं.

त्या संध्याकाळी अस्मिता तिथे गेली तेव्हा दार आनंदीवहिनींनी उघडलं. परीक्षितची बायको. हातात अनारशांचा डबा.

"घे गं, संपत नाहीत. हे दिवाळीत व्हॉनला होते ना क्लायंटकडे, तिथल्या एका बाईंकडून आणलेत. आणि खालच्या पोरीला जरा खायला लाव. काही गिळत नाही ती."

बेसमेंटमध्ये हीटर चालू होता तरी ईशिता जॅकेट घालून बसली होती. डोळे सुजलेले.

"ताई, मी काय सांगू? दिवाळीच्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी मी रिबेस केला, सर्व्हरवर पुश केला. कॉन्फ्लिक्टसुद्धा आला नव्हता. संध्याकाळी दादांनी मेनमध्ये मर्ज केलं. मर्ज झालं की ब्रांच डिलीट करायची असा उन्मेषचा नियम, म्हणून मी माझ्याकडचीही केली. आता दाखवायला काही नाही माझ्याजवळ. लॅपटॉप त्यांनी सोमवारीच काढून घेतला."

"मग चूक झाली हे तुला कशावरून वाटतं?"

"पुश माझ्या नावाचा आहे ना! दुसऱ्या कुणाचं नावच नाही तिथे. दादा म्हणाले, घाईत होतं असं, कबूल केलंस तर कंपनी सांभाळून घेते, मी आहे ना." तिने नाक पुसलं. "घाई तर होतीच. त्या आठवड्यात आपलं काम, दिवाळीच्या पॉटलकची तयारी, वर व्हॉनच्या डेमोचा लॅपटॉप मीच सेट करून दिला. डोकं ठिकाणावर नव्हतं."

"तुझं परमिट?"

"क्लोज्ड, याच कंपनीपुरतं. ही नोकरी गेली की संपलं. इथे कायम राहायला पीआरचं अप्लाय करणार होते जानेवारीत." मग ती एकदम अस्मिताकडे वळली. "पण ते जाऊ दे. ताई, खरं सांगा. मी त्या आजींना मारलं का हो?"

अस्मिताने डबा उघडून एक अनारसा तिच्या हातात ठेवला, आणि तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

३

बुधवारी तिने आयटीकडून ईशिताचा लॅपटॉप मागवला. डिलीट केलेली ब्रांच लगेच नाहीशी होत नाही. जुने कमिट कोपऱ्यात काही दिवस पडून असतात, कुठे शोधायचं ते माहीत पाहिजे.

सापडले. गुरुवारी सकाळी दहाला केलेला रिबेस, आणि त्यात दोन्ही कमिट धडधाकट. पौंडाचे किलो करणारी ओळ तिथे होती. टेस्टही होती. अस्मिताने ती चालवून पाहिली, पास झाली.

म्हणजे पोरीने काम चोख केलं होतं!

अस्मिता खुर्चीवर मागे रेलली. पोरीने न केलेल्या चुकीवर सही केली होती, आणि इतके दिवस एका म्हातारीचा खून डोक्यावर घेऊन ती जॅकेटमध्ये कुडकुडत होती. मग सर्व्हरवर दुसरा कमिट का नाही?

तिने सर्व्हरचं पान उघडलं. गुरुवारी त्या ब्रांचवर पुश एक नव्हता, दोन होते. सकाळी दहाचा, आणि दुपारी एक चाळीसचा. दुसरा जबरदस्तीचा पुश, म्हणजे आधीचं पुसून त्याच्या जागी नवं ठेवणारा. दोन्ही ईशिताच्या नावाने, म्हणून दुसऱ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्यानंतर ब्रांचमध्ये एकच कमिट उरला होता.

गुरुवारी एक चाळीसला ईशिता कुठे होती, हे शोधायला अस्मिताला कुठे जायची गरज नव्हती. ऑफिसच्या किचनमध्ये दिवाळीचं पॉटलक होतं, ज्याने त्याने घरून काही करून आणलेलं, आणि ईशिता वाढत होती. "ताई, अजून एक घ्या ना," म्हणत तिनेच अस्मिताच्या प्लेटमध्ये दुसरा साबुदाणा वडा टाकला होता. लॅपटॉप तिच्या डेस्कवर होता.

पॉटलक अर्ध्यावर सोडून एकच माणूस उठला होता. ईशिताच्या शेजारच्या डेस्कवरचा तनय.

४

तनय इथलाच, बर्नाबीत जन्मलेला. आईवडील पुण्याचे. मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीत यायचं. ईशिताशी त्याचं जमत नव्हतं हे ऑफिसला ठाऊक होतं; ज्या बढतीवर त्याचा डोळा होता ती तिला मिळणार होती.

"सो आय'म द व्हिलन," अस्मिताने विचारताच तो म्हणाला. "ग्रेट."

"पॉटलकमधून उठून कुठे गेला होतास?"

"पार्किंगमध्ये. आईचा फोन होता. बाबांची बायोप्सी." त्याने मोबाइल काढून टेबलावर ठेवला. कॉल दीडला सुरू होऊन दोनच्या पुढे संपला होता. "पार्किंगचा कॅमेरा चेक कर. आय वॉज क्रायिंग इन माय कार. एन्जॉय."

अस्मिता ओशाळली. "सॉरी रे. बाबा कसे आहेत?"

"नॉट गुड." त्याने मोबाइल खिशात टाकला. मग कसंबसं मराठीत म्हणाला, "एक गोष्ट माझी पण आहे. त्या दिवशी अकरा वाजता मी ती फाइल फॉरमॅट केली. पूर्ण फाइल. स्पेसेस, लाइन ब्रेक्स, सगळं. मेनमध्ये टाकली. त्यामुळे तिची ब्रांच परत जुनी झाली. कुणालातरी पुन्हा रिबेस करावा लागला असणार, आणि कॉन्फ्लिक्ट आला असणार. हिज होल स्क्रीन वुड बी रेड."

"हिज? कुणाची?"

"आय डोन्ट नो. ज्याने केलं त्याची." तनयने खांदे उडवले. "पण तिचं पासवर्ड तिच्याशिवाय कुणाकडे नाही. आणि तिचा लॅपटॉप लॉक असतो. आय शुड नो, आय सिट देअर."

मोठीच पंचाईत झाली. ईशिताचं नाव, ईशिताची पासवर्डाची किल्ली, पण ईशिता नाही आणि तिचा लॅपटॉपही नाही. अस्मिता त्या संध्याकाळी स्कायट्रेनमध्ये डोकं धरून बसली होती, तेव्हा नागपूरहून आईचा फोन आला.

आईने रोजचाच पहिला प्रश्न विचारला. "काय गं, तुमच्याकडे किती वाजले?"

"संध्याकाळचे सहा, आई," अस्मिता सवयीने म्हणाली. आणि बसल्या जागेवरून उठून उभी राहिली. "आई, तुला नंतर करते."

५

तुमच्याकडे किती वाजले. बारा वर्षं आई हेच विचारत होती, कारण घड्याळ माणूस असेल तिथलं असतं. सर्व्हरचं पान मात्र अस्मिताला तिच्या घरची वेळ दाखवत होतं. एक चाळीस ही बर्नाबीची वेळ. काम करणाऱ्याकडे किती वाजले होते?

घरी पोचताच कोट न काढता तिने ब्रांचमध्ये उरलेला तो एक कमिट मूळ रूपात उघडला. प्रत्येक कमिटवर दोन वेळा असतात: लिहिल्याची, आणि शेवटी उचलून ठेवल्याची, म्हणजे रिबेसची. ज्या मशीनवर काम झालं तिथल्या घड्याळासकट. लिहिल्याची वेळ बर्नाबीची होती. उचलून ठेवल्याची चार चाळीस. तीन तास पुढे.

देशात तीन तास पुढे म्हणजे ओंटारिओ. आणि व्हॉन ओंटारिओतच.

डेमोचा लॅपटॉप मीच सेट करून दिला, असं पोरगी म्हणाली होती. घाईत स्वतःचंच नाव आणि स्वतःचीच किल्ली घालून दिला असणार. तो लॅपटॉप कोण घेऊन गेलं होतं, हे विचारायला नको होतं. व्हॉनचे अनारसे तिच्याच ओट्यावर डब्यात होते.

तिने सकाळी आयटीला एकच गोष्ट विचारली. डेमोचा लॅपटॉप कुठे आहे? कपाटात, ते म्हणाले. पण कोरा. गेल्या शुक्रवारी परीक्षितने स्वतः बसून पुसला.

मर्जनंतर आठवड्याने, गेल्या गुरुवारी प्रभाबाई गेल्या होत्या. शुक्रवारी सकाळी तक्रार आली होती.

अस्मिताला आतापर्यंत एक वेडी आशा होती की त्याला स्वतःलाच माहीत नसेल. चूक माणसाकडून होते, नकळत होते. पण नकळत झालेल्या चुकीचे ठसे कोणी पुसत बसत नाही.

६

दर नोव्हेंबरला परीक्षित आपल्या गॅरेजमध्ये अस्मिताच्या गाडीला विंटर टायर्स लावून द्यायचा. यंदाचा दिवस गुरुवार ठरला होता. ती गेली. गाडी जॅकवर चढलेली, तो खाली बसून नट आवळत होता.

"बस ना. वहिनी चहा करतेय."

"तू व्हॉनहून ईशिताची ब्रांच रिबेस केलीस," अस्मिता म्हणाली. "डेमोच्या लॅपटॉपवरून."

पाना थांबला नाही. "कोण म्हणतं?"

"घड्याळ म्हणतं. कमिटवर चार चाळीस आहे. इथे तेव्हा एक चाळीस झाले होते आणि ईशिता मला वडा वाढत होती. तनयने फाइल फॉरमॅट केली होती, तुझा सगळा स्क्रीन लाल झाला. तू दुसरा कमिट सोडवत बसला नाहीस, स्किप दाबलंस. स्किपने कॉन्फ्लिक्ट जात नाही, परीक्षित, कमिटच जातो. हे तू मला शिकवलंयस!"

पाना थांबला.

"क्लायंट समोर बसले होते," तो हळू म्हणाला. "उन्मेष फोनवर ओरडत होता की हा बग आजच्या आज गेला पाहिजे. तिला चारदा फोन केला, उचलेना. मला वाटलं दुसऱ्या कमिटमध्येही नुसते स्पेसेस असतील. मी वाचलंच नाही, अस्मिता. देवाशपथ, वाचलंच नाही."

"ते मी मानते. शुक्रवारी काय झालं?"

त्याने पाना पुन्हा नटवर चढवला.

"शुक्रवारी लॅपटॉप उघडलास, काय केलंयस ते बघितलंस आणि पुसलास. शनिवारी पाटावर बसून माझ्याकडून ओवाळून घेतलंस. सोमवारी त्या पोरीला समोर बसवून सही करायला लावलीस. हेही वाचलं नव्हतंस का?"

"मी लीड आहे! माझं नाव आलं तर इंडस्ट्रीत दारात उभं करणार नाही कुणी. दोन पोरं, घराचं मॉर्गेज, आईला इकडे आणायची स्पॉन्सरशिप चालू आहे. ती सव्वीस वर्षांची आहे, तिला मिळेल दुसरी."

"एका बाईचा जीव घेतल्याची कबुली देऊन? क्लोज्ड परमिटवर? लाज नाही वाटत रे तुला?"

"म्हणून तर सांभाळतोय ना तिला!" त्याचा आवाज फाटला. "रोज वर जेवायला बोलावतो. या महिन्याचं भाडं घेऊ नको म्हणून सांगितलंय आनंदीला."

अस्मिता एक पाऊल मागे सरकली. त्याला यात खरंच काही चांगलं दिसत होतं.

"अस्मिता, ऐक," तो उठून जवळ आला. हात काळे होते म्हणून त्याने तिला शिवायचं टाळलं. "तू फक्त इतकं लिही, कारण निश्चित सांगता येत नाही. कुणाचंच नाव नको. मी तुझा भाऊ आहे ना?"

बारा वर्षांत त्याने तिच्याकडे काहीच मागितलं नव्हतं. एअरपोर्टवर घ्यायला तोच आला होता. तिचा संसार मोडला तेव्हा महिनाभर ती याच बेसमेंटमध्ये राहिली होती, आणि तिच्याकडून भाडं घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"नट आवळ आणि गाडी खाली घे," ती म्हणाली. "उद्या मला ऑफिसला लवकर जायचंय."

७

रिपोर्टमध्ये तिने सगळं लिहिलं. उन्मेषने वाचून चष्मा काढला.

"याला 'प्रोसेस फेल्युअर' म्हणता येईल का? नावं न घेता?"

"येईल ना," अस्मिता म्हणाली. "पण मग ईशिताच्या स्टेटमेंटवर नाव घेताना कसं चाललं? आणि प्रोसेस लिहायची तर तुझ्या सरळ रेषेपासून सुरुवात करू. टेस्टसकट कमिट गळला आणि कुणाला दिसला नाही, कारण दिसायला सुंदर पाहिजे होतं तुला. रानड्यांच्या वकिलालाही एक कॉपी लागेल."

उन्मेषने पुन्हा विचारलं नाही. दुपारी परीक्षितला एचआरने खाली बोलावलं. तो खोका घेऊन अस्मिताच्या डेस्कसमोरून गेला, तेव्हा तिने मान खाली घातली नाही. त्याने घातली.

ईशिताला तिने आपल्या गाडीत बसवून वाटेत सांगितलं. पोरीने सगळं ऐकून घेतलं. नोकरीचं विचारलं नाही, परमिटचं विचारलं नाही.

"म्हणजे आजी माझ्यामुळे नाही गेल्या?"

"नाही गं बाई. तुझ्यामुळे तर वाचल्या असत्या."

तेव्हा ती रडली, आणि असं रडली की अस्मिताला गाडी बाजूला घ्यावी लागली. बऱ्याच वेळाने डोळे पुसत म्हणाली, "ताई, परवा रात्री दादांनी स्वतः मला गरम पोळी वाढली हो. म्हणाले, जेव, चूक माणसाकडूनच होते."

रविवारी अस्मिता तिचं सामान आणायला गेली. दोन सुटकेसेस, एक कुकर, एक मॉनिटर. पाऊस भुरभुरत होता. परीक्षित वरच होता, खाली आला नाही. ईशिता गाडीत जाऊन बसली तेव्हा आनंदीवहिनी पायऱ्यांवर आल्या. अंगात घरातलाच स्वेटर, पायात चपला नाहीत.

अस्मिताने पिशवीतून अनारशांचा डबा काढून दिला. धुतलेला, रिकामा. डबा कुणाला रिकामा परत करायचा नसतो हे तिला माहीत होतं, पण त्या घरासाठी त्यात काय घालावं ते तिला सुचलं नव्हतं.

वहिनींनी तो घेतला. त्या ओरडतील, शिव्या देतील अशी तिने तयारी ठेवली होती. त्यांनी डबा काखेत धरला.

"मी त्यांची बाजू घेत नाही," वहिनी म्हणाल्या. "मला तर कळलंसुद्धा परवा, ते खोका घेऊन आले तेव्हा. पण अस्मिता, तुला इथे माहेर असं एवढंच होतं ना गं?"

"हो, वहिनी."

"पुढच्या भाऊबीजेला काय करशील मग?"

गाडीतून ईशिताने काच खाली करून हाक मारली, "ताई, येताय ना?" तेव्हा अस्मिता तशीच वळली आणि जाऊन स्टिअरिंगवर बसली. नवे टायर्स त्याने नेहमीसारखेच नीट आवळले होते. गाडी घरापर्यंत जराही थरथरली नाही.